चिनी नागोबाला लाह्या

दुलारीबाईंनी मला वाचवलं. हे आधीच लिहून टाकतो. कारण अशी हकीकत सांगायला बसलं की सांगणारा हळूहळू स्वतःलाच बिचारा समजायला लागतो आणि वाचवणाऱ्याचं नाव कुठंतरी कोपऱ्यात राहून जातं. तर दुलारीबाई. भिलाईतल्या मरोद्यात माझ्या आत्याच्या क्वार्टरमागं जी नाली आहे, तिच्या पलीकडं त्यांचं घर. एका शाळेत आया म्हणून नोकरी. रिटायर व्हायला तेव्हा दोन वर्षं उरली होती. बोलणं छत्तीसगढी, आवाज मोठा, आणि माझ्यासारख्या परमुलखातल्या माणसाकडं बघायची नजर अशी, की जणू मी पावसात बाहेर राहिलेली खाट आहे आणि मला कुणीतरी आत ओढून घ्यायला हवं.

मी भंडारा जिल्ह्यातला. सातवीत सहामाही झाल्यावर शाळा सोडली. (म्हणजे अर्धी सातवी पास आहे. उरलेल्या अर्ध्या सातवीशिवाय माणसाचं काही अडत नाही असं मी बरीच वर्षं समजत होतो.) गावात काम नव्हतं, म्हणून आत्याकडं भिलाईला आलो. फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमधून रिटायर झालेले. त्यांनी ओळखीनं मला सुपेल्यातल्या एका सेठच्या फोटोफ्रेमच्या दुकानात लावून दिलं. तीन महिने ट्रायल, मग पुढचं बघू, असं सेठचं ठरलं होतं.

मी आईला फोनवर 'ट्रायल' हा शब्द सांगितला नाही. तिला उगाच काळजी! आईनं संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात सांगून टाकलं की पोरगा भिलाईत पर्मनंट झाला. शिवाय पेढे. ज्या घरी पेढे गेलेत त्या घरांसमोरून पेटी घेऊन परत जायचं, हे चित्र डोळ्यापुढं आलं की माझ्या हातातला खिळा वाकडाच बसायचा.

दुकानात आमच्याकडं काय यायचं? देव, गेलेले आजोबा, लग्नाचे फोटो, आणि प्लांटमधून रिटायर होणाऱ्यांची मानपत्रं. एवढ्यात मी तयार झालो होतो. मग ट्रायल संपायला चार दिवस असताना नायरसर आले.

नायरसर म्हणजे विज्ञानाचे निवृत्त मास्तर. त्यांनी एका लांब नळीतून चार चित्रं अशी बाहेर काढली, जसं कुणी तान्ह्या पोराला दुपट्यातून काढतं. पूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचे तसल्या जुन्या चित्रांच्या छापील प्रती होत्या त्या. विषय काय, तर शेकडो वर्षांपूर्वी चीनमधले लोक आकाश कसं बघायचे. पहिल्या चित्रात उंच चौथरा आणि त्यावर मांडलेली मोठमोठी यंत्रं. दुसऱ्यात एकात एक अडकवलेल्या कड्यांचा गोल, आणि तो गोल चार ड्रॅगननी पाठीवर तोललेला. तिसऱ्यात लांब बाह्यांचा, दाढीवाला अधिकारी एका पट्टीवरून ताऱ्याला नेम धरून बसलेला. चौथ्यात गोल आकाश आणि त्यात ठिपकेच ठिपके.

सरांनी सगळं हिंदीत समजावून सांगितलं. मुलीनं परदेशातून पाठवली होती, परत मिळणार नव्हती. ते ज्या शाळेत शिकवायचे आणि जिथं दुलारीबाई आया होत्या, तिथं विज्ञानाची नवी खोली होत होती, तिच्यासाठी ही त्यांची भेट. जाता जाता त्यांनी एक जुनी चिनी गोष्टही सांगितली : राजाचे दोन ज्योतिषी दारू पिऊन पडले, ग्रहण लागणार हे सांगायचं राहिलं, आणि राजानं दोघांची मुंडकी उडवली. सर हसले. सेठही हसला. मला काही हसू आलं नाही. त्या दोघांचीही ट्रायल चालू असेल असं मला वाटून गेलं.

उद्घाटन नागपंचमीच्या दिवशी अकराला. सेठ सणासाठी कुम्हारीला सासुरवाडीला निघाला होता. आदल्या संध्याकाळी त्यानं तयार चौकटी, एक मोठी काच आणि काच कापायची हिरकणी माझ्या हवाली केली, दुकानाला कुलूप लावलं आणि म्हणाला, "प्रमोद, सुबह साढ़े नौ बजे चारों रेडी। मैं सीधा स्कूल पहुँचूँगा। गड़बड़ हुई तो तुम उधर से ही गोंदिया की गाड़ी पकड़ लेना।"

काच मी त्याच संध्याकाळी कापायला हवी होती. पण मी ती अकरा वेळा मोजली आणि अकरा वेळा घाबरलो. कापलेली काच काही परत जोडता येत नाही. म्हटलं, सकाळी शांत डोक्यानं कापू. (माझं डोकं सकाळी शांत असतं हा शोध मला त्याच संध्याकाळी लागला होता.)

सकाळी उठलो तर घरातली विळी नाही. चाकू नाही, कात्री नाही, फुफाजींचं दाढीचं ब्लेड नाही. तवासुद्धा उलटा करून माळ्यावर ठेवलेला. नागपंचमीला आत्याच्या घरी कापायचं नाही, चिरायचं नाही, खणायचं नाही, तव्यावर भाजायचं नाही. नागाला लागतं. गावी आमच्याकडंही हे पाळतात, पण गावी माझ्यावर चार काचा कापायची पाळी कधी आली नव्हती. मी पिशवीत हात घातला. हिरकणीसुद्धा गायब!

"आत्या, ती काच कापाची हिरकणी दे ना. सायेबाचं अर्जंट काम हाय."

"आज नाही."

"अवं आत्या, काच हाय ते. भाजी नाही."

"कापनं म्हंजे कापनं," आत्या म्हणाली. "तुया काचेखाली कोनता नाग बसला असंन, तुले मालूम हाय का?"

फुफाजी माझ्या बाजूनं बोलायला गेले. म्हणाले, मी तीस वर्षं नागपंचमीलेही ड्युटी केली, आगगाडीच्या लाल-लाल रेल कापल्या, एकही नाग आला नाही. आत्यानं त्यांच्याकडं न बघता सांगितलं की ते सगळं कंपनीले लागलं, माह्या घराले नाही. फुफाजींनी पेपर उघडला आणि त्यात शिरले ते परत दिसलेच नाहीत.

शेवटी तडजोड झाली. आत्यानं तांदळाच्या पिंपात दडवलेली हिरकणी काढून दिली, पण कापायचं ते नालीच्या पलीकडं. नालीपर्यंत आपलं घर, नालीच्या पलीकडं सरकार. मी काच उचलली. चित्रं मात्र खाटेवरच ठेवली, कारण आभाळ भरून आलं होतं आणि कागदावर एक थेंब पडला तर माझी गाडी पक्की होती. दारातून निघताना आत्यानं मागून विचारलं, "नागोबाचा फोटो आनला का रे काल? तुले बजारातून आनाले सांगतला होता."

आता इथं माझं चुकलं. आत्यानं खरंच सांगितलं होतं आणि मी साफ विसरलो होतो. पण हातात काच, घड्याळात आठ, आणि तोंडात आलं ते असं :

"हो हो, आनला. खाटेवर हाय पाय."

वाटलं, काच कापून आलो की पळत जाऊन पाच मिनिटांत फोटो आणू. तोवर आत्या काही खाटेपर्यंत पोचत नाही.

दुलारीबाईंच्या अंगणात कुणाची मनाई नव्हती. त्यांनी मला बसायला पाट दिला, काचेखाली अंथरायला जुनं पोतं दिलं, आणि माझे हात बघून आधी चहा दिला. चारही काचा अशा निघाल्या की मी स्वतःच बघत राहिलो. एक कोपरा उडाला नाही! त्यांना म्हणालो, "दीदी, झालं. आता मी पर्मनंट." त्या म्हणाल्या की नायरसरांनी त्यांनाच फ्रेमा आणायला सांगितलंय, नऊनंतर ऑटो घेऊन दारात येते, साडेनऊपर्यंत तयार ठेव.

चार काचा छातीशी धरून, नाली ओलांडून मी घरात आलो. उदबत्तीचा वास येत होता.

भिंतीला टेकून, पाटावर, चीनचे ड्रॅगन बसले होते. पुढं वाटीत दूध. अंगावर लाह्या-फुटाणे. आणि चारही ड्रॅगनच्या कपाळावर, काच नसलेल्या त्या कोऱ्या कागदावर, ओल्या हळदीचं एकेक बोट. कुंकवाची डबी आत्या आत्ता उघडतच होती. बाकीची तीन चित्रं खाटेवर सुखरूप होती. त्यांत नाग नव्हता म्हणून.

मी काचा खाली ठेवल्या. आत्यानं विचारलं.

"काऊन रे प्रमोद, या नागाले पाय काऊन हाय?"

फुफाजी पेपरच्या मागून म्हणाले की चीनचा असंन, तिकडचे चालत असतीन.

"तूच तं म्हनला खाटेवर हाय म्हनून," आत्या म्हणाली. ती चिडलेली नव्हती. माझा चेहरा बघून घाबरली होती. "मी म्हनलं, आजकालचा फोटो हाय, असंन काही नवीन."

तिला मी काय बोलणार? तिनं तिच्या श्रद्धेनं पूजा केली होती, माझ्या थापेवर भरवसा ठेवून. दोष सगळा माझ्या त्या 'खाटेवर हाय पाय'मधल्या 'पाय', म्हणजे 'बघ', या शब्दापर्यंत जात होता. मी चित्र उचललं, लाह्या झटकल्या, दुधाचा एक थेंब होता तो टिपला. राहिली हळद. घड्याळात नऊला दहा कमी.

डाग पडला की साबण, एवढं ज्ञान जगात सगळ्यांना आहे. मी स्वच्छ फडक्याचं टोक ओलं केलं, त्याला धुण्याच्या साबणाचा हात लावला आणि पहिल्या ड्रॅगनच्या कपाळावरून अगदी हलकं फिरवलं.

पिवळा डाग लाल झाला.

साधासुधा नाही, रक्तासारखा लाल. वाटलं, माझ्या हाताला काच लागली असेल. बोटं तपासली. नाही. म्हटलं साबण कमी पडला. दुसऱ्या ड्रॅगनला जरा जास्त लावला. तो जास्त लाल झाला! मग, जे एकदा दोनदा चुकलं ते उरलेल्या दोघांवर करून बघायला नको हे कोणत्याही शहाण्या माणसाला कळलं असतं. मी चौघांनाही लावला. आता चार ड्रॅगन कपाळं फुटल्यासारखे माझ्याकडं बघत होते. आत्यानं हात जोडले. "कोपला," ती हळूच म्हणाली. "मी म्हनलं होतं आज काही कापू नको."

हळदीला साबण लागला की ती लाल होते हा धडा सातवीच्या विज्ञानात आहे. सहामाहीनंतर.

दुलारीबाई ऑटो दारात उभा करून आत आल्या तेव्हा मी चित्र मांडीवर घेऊन जमिनीवर बसलो होतो. डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला सांगू.

"रोवत काबर हस?" त्यांनी विचारलं. रडतोस कशाला? मग चित्र पाहिलं, फडकं पाहिलं, साबण पाहिला, आणि काही न विचारता स्वयंपाकघरात गेल्या. लिंबू घेऊन आल्या. (ते कापायला विळी नव्हती. त्यांनी दातानं फोडलं. आत्यानं हे पाहिलं आणि दात नियमात बसतात की नाही याचा विचार करत राहिली.) कापसाच्या बोळ्यानं त्यांनी एकेका कपाळावर रस टेकवला आणि डोळ्यांसमोर लाल रंग परत पिवळा झाला. त्या म्हणाल्या, शाळेत आयुष्यभर मुलांचे डबे धुतलेत, हळद मला माहीत आहे. पुढं उन्हात ठेवलं तर पिवळासुद्धा उडतो. मी बाहेर बघितलं. ऊन आठवडाभर नव्हतं.

डाग फिके झाले, पण गेले नाहीत. कडेला लालसर रेघ राहिलीच. सव्वानऊ. मी चारही चित्रं चौकटीत बसवली, मागं हार्डबोर्ड, खिळे, कागदाची पट्टी. एक खिळा वाकला नाही. आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं काम मी त्या पंधरा मिनिटांत केलं, आणि ते सगळ्यात वाईट चित्रावर.

शाळेत खोलीबाहेर सेठ हात जोडून उभा होता. मुलं रांगेत. चारही फ्रेमा भिंतीवर लागल्या, त्यांच्यावर पडदे. नायरसर पांढऱ्या शर्टात, नव्या नवरदेवासारखे अवघडलेले. पहिला पडदा उघडला, चौथरा दिसला, टाळ्या. दुसरा पडदा उघडला.

सरांनी चष्मा नाकावर सरकवला. जवळ गेले. आणखी जवळ गेले. बराच वेळ त्यांनी ड्रॅगनच्या कपाळांकडं पाहिलंच नाही. ते वर, कड्यांच्या गोलाशेजारच्या मोकळ्या आकाशाकडं बघत होते. मी मागून मान उंच करून पाहिलं. काचेच्या आत, चित्राच्या वरच्या कोपऱ्यात, एक लाही अडकली होती.

"यह तारा," सर शांतपणे म्हणाले, "मैंने पहले नहीं देखा।"

कुणी हसलं नाही. मग ते खाली आले. एका डागापाशी थांबले. "हल्दी," ते म्हणाले. बोट काचेवरून कडेच्या लाल रेघेवर नेलं. "फिर साबुन।" जरा थांबून, "फिर नींबू।" सातवीचा तो धडा त्यांनी तीस वर्षं शिकवला होता. त्यांना डागाकडं बघून माझी अख्खी सकाळ वाचता येत होती.

"किसने किया?"

सेठनं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं. माझ्या मनात वाक्य तयार होतं, अगदी कर्ता-क्रियापदासकट. मी केलं. दोनच शब्दांचं काम होतं. पण त्या दोन शब्दांच्या पुढं मला गोंदियाची गाडी दिसली, गाडीच्या पुढं गाव दिसलं, आणि गावात पेढे खाल्लेली ती सगळी तोंडं. माझं तोंड उघडंच राहिलं आणि त्यातून काहीही आलं नाही.

"मोर हाथ ले होगे सर," दुलारीबाई म्हणाल्या.

माझ्या हातून झालं, सर. नागपंचमी होती, नाग दिसला, पूजा केली. एवढ्या सहज म्हणाल्या की क्षणभर मलाही खरं वाटलं.

"और साबुन?"

"उहू मैं।" तेही मीच.

"नींबू?"

"नींबू भी मैं," त्या म्हणाल्या. (तेवढं एक खरं होतं.)

सर मुलांकडं वळले आणि त्यांना हळद, साबण आणि लिंबू यांचा धडा शिकवला. ड्रॅगनच्या कपाळावर बोट ठेवून, एकदाही आवाज न चढवता. मीही ऐकला. माझी राहिलेली सातवी अशी पुरी झाली. मुलांना फार आवडला. उरलेल्या दोन चित्रांनाही टाळ्या मिळाल्या. सेठनं बाहेर माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला की चौकटीचं काम एक नंबर आहे, बाकी चूक त्या बाईची, पहिल्या तारखेपासून तू पक्का.

आत मात्र सर दुलारीबाईंशी बोलत होते. त्या खोलीची चावी त्यांच्याकडं राहणार असं ठरलं होतं. सकाळी खोली उघडायची, यंत्रं पुसायची, मुलांना आत सोडायचं. झाडू मारण्याच्या इतक्या वर्षांनंतर हे पहिलंच मानाचं काम त्यांना मिळालं होतं. सरांनी हात पुढं केला. दुलारीबाईंनी कमरेची चावी काढून दिली आणि व्हरांडा झाडायला गेल्या.

संध्याकाळी मी नाली ओलांडून गेलो. असं का केलंत, विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"तोर नौकरी नवा हे, मोर जुन्ना," त्या म्हणाल्या. "जुन्ना ला कोन निकालही?" तुझी नोकरी नवी, माझी जुनी. जुन्याला कोण काढतं? आणि चावीचा विषय मी काढायच्या आत त्यांनी विचारलं, जेवलास का? आत्याकडचे वाफवलेले कानोले मी सोबत आणले होते. ते त्यांनी मलाच वाढले.

याला आता बरीच वर्षं झाली. मी पक्काच आहे. दुलारीबाई त्याच व्हरांड्यातून रिटायर झाल्या. सरांना खरं सांगायचं म्हणून मी त्यांच्या घरी तीनदा गेलो. पहिल्यांदा त्यांनी चहा दिला आणि नातवाचा फोटो फ्रेम करायला दिला. दुसऱ्यांदा चहासोबत केळ्याचे वेफर्स दिले आणि लग्नाचा फोटो दिला. तिसऱ्यांदा म्हणाले, प्रमोद, तुझ्यासारखा इमानदार कारीगर भिलाईत नाही. त्यानंतर सांगणं आणखी कठीण झालं. सरांच्या घरी आता भिंत कमी आणि माझ्या फ्रेमा जास्त आहेत.

म्हणून सगळं असं लिहून काढलं. एक शब्द लपवला नाही, स्वतःला कुठं वाचवलं नाही. आता हे छापून आलं की कोणीही वाचू शकेल. फक्त नायरसर सोडून, कारण सरांना मराठी वाचता येत नाही. लिहायला बसलो तेव्हाच मला हे माहीत होतं.

पण दुलारीबाई, हेच एक दिवस मी हिंदीत, त्यांच्यासमोर उभं राहून बोलणार आहे. त्या दिवशी चहा पिणार नाही, नवा फोटो घेणार नाही, आणि सरांना तुमच्या दारी घेऊन आल्याशिवाय परतणार नाही. शब्द देतो. फक्त जरा हिंदी सुधारू द्या.